स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा शुश्रूषागृहात प्रवेश आणि शांत ठेवणारी औषधे

स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया झालेली व्यक्ती घर सोडून निवासी शुश्रूषागृहात दाखल होते, तेव्हा तिच्या औषधांच्या यादीत बऱ्याचदा नवी भर पडते. उत्तर आयर्लंडमधील ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांच्या औषध-नोंदींवर आधारित अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहात जाण्यापूर्वी ८.२ टक्के व्यक्तींना अँटिसायकॉटिक वर्गातील औषधे मिळत होती. प्रवेशानंतर हे प्रमाण १८.६ टक्क्यांवर गेले. झोपेच्या औषधांचे प्रमाण १४.८ टक्क्यांवरून २६.३ टक्के झाले. प्रवेशाच्या महिन्यातच ही वाढ ठळकपणे दिसून आली.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्वेटियापिन ही या वर्गातील परिचित औषधे होत. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मनोविकारांसाठी ती विकसित झाली. त्यांच्यामुळे स्मरणशक्ती सुधारत नाही. मात्र रुग्णाची अस्वस्थता, आक्रमकता किंवा भास कमी व्हावेत, या हेतूने ती दिली जातात.

प्रवेशाचा काळच नाजूक का ठरतो, याची कारणे स्पष्ट आहेत. नवी खोली, अनोळखी चेहरे आणि जेवणाच्या व झोपेच्या बदललेल्या वेळा यांमुळे रुग्ण गोंधळतो. तो पुनःपुन्हा घरी जाण्याचा आग्रह धरतो, रात्री फिरतो, स्नानास विरोध करतो. वेदना, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा साधे श्रवणयंत्र न लावणे हेही चिडचिडीचे कारण असू शकते. परंतु रुग्णाला ते शब्दांत सांगता येत नाही. कर्मचारी अपुरे असतील आणि डॉक्टरांना पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर मूळ कारणाचा शोध मागे पडून गोळीचा मार्ग जवळचा वाटतो. अर्थात, आजार बळावल्यामुळेच अनेकांना शुश्रूषागृहात न्यावे लागते. त्यामुळे औषधांतील सर्वच वाढ अनावश्यक म्हणता येत नाही.

तथापि, या औषधांचे धोके गंभीर आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे इशारा दिला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या वर्गातील नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे १.६ ते १.७ पट आढळला होता. २००८ मध्ये हा इशारा जुन्या औषधांनाही लागू करण्यात आला. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर या औषधांची प्रतिक्रिया विशेष तीव्र असू शकते.

ब्रिटनमध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी २००९ मध्ये आरोग्य विभागाला सादर केलेल्या अहवालाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्या अहवालाच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जात होती आणि त्यांपैकी फार तर ३६ हजार जणांना काही लाभ होत होता. उलट, दरवर्षी सुमारे १,८०० अतिरिक्त मृत्यू या औषधांमुळे होत असावेत, असे अहवालात नमूद करण्यात आले. त्यानंतर इंग्लंडमध्ये सहभागी दवाखान्यांच्या नोंदींची राष्ट्रीय तपासणी झाली. ही औषधे मिळणाऱ्या स्मृतिभ्रंश-रुग्णांचे प्रमाण २००६ मधील सुमारे १७ टक्क्यांवरून २०११ मध्ये सुमारे ७ टक्क्यांवर आल्याचे तीत आढळले. औषधांचा वापर आटोक्यात आणता येतो, हे यावरून स्पष्ट झाले.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे याच दिशेने जातात. रुग्णाकडून स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, अथवा भास व भ्रम यांमुळे त्याला तीव्र यातना होत असतील, तरच ही औषधे द्यावीत. मात्रा कमीत कमी व कालावधी अल्प असावा, किमान दर सहा आठवड्यांनी फेरतपासणी करावी आणि लाभ दिसत नसल्यास औषध थांबवावे, असे ही तत्त्वे सांगतात. मात्र औषध अचानक बंद करणे योग्य नाही. काही रुग्णांमध्ये लक्षणे पुन्हा उफाळू शकतात. म्हणून हा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे बहुतेकांची देखभाल कुटुंबातच होते. तरीही रुग्णास निवासी केंद्रात ठेवण्याची वेळ आल्यास कुटुंबीयांनी काही बाबींची खातरजमा करावी. चालू असलेल्या सर्व औषधांची लेखी यादी, तसेच रुग्णाच्या सवयी, आवडीनिवडी आणि वेदना व्यक्त करण्याच्या खुणा केंद्राला कळवाव्यात. नवे औषध सुरू झाल्यास ते कोणत्या लक्षणासाठी आहे, त्यापूर्वी शारीरिक कारणे तपासली गेली काय आणि फेरतपासणीची तारीख कोणती, हे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत.