बार खाली येताना

बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीचा संकेत सरगर सुवर्णाच्या वाटेवर होता. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो झाले आणि १३९ किलोच्या प्रयत्नात उजवं कोपर दुखावलं. एका किलोने सुवर्ण गेलं. असं काही पाहिलं की आईवडील मुलाचं वेटलिफ्टिंग बंद करायला निघतात. त्यांना हा सर्वांत धोक्याचा खेळ वाटतो. तसं नाही. २०१७ च्या एका अभ्यास-आढाव्यानुसार दर हजार तासांमागे वेटलिफ्टिंगमध्ये साधारण २.४ ते ३.३ आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये १ ते ४.४ दुखापती होतात. फुटबॉलच्या सामन्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं.

ताकद कमी पडली म्हणून स्नायू फाटला, हेही बहुतेक वेळा खरं नसतं. काही आठवड्यांत स्नायू जोर धरतो, पण त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला महिने लागतात. स्टेरॉइड घेणाऱ्यांत ही तफावत आणखी वाढते. म्हणूनच छातीचा मोठा स्नायू फाटलेले बहुतेक जण विशी ते चाळिशीतले धडधाकट पुरुष असतात. अशी दुखापत बहुधा बेंच प्रेसवरच होते, आणि तीही बार वर ढकलताना नव्हे, तर छातीकडे उतरवताना. त्या वेळी स्नायू ताणलेला असतो आणि भारही पेलत असतो. वजन उतरवणं म्हणजे विश्रांती, असं समजून बार सैल सोडणाऱ्यांना प्रशिक्षकाने तिथेच थांबवावं.

पण मला सर्वांत घातक वाटतो तो ‘हात हलतोय ना, मग काही तुटलेलं नाही’ हा समज. छातीची कंडरा सुटली तरी खांद्याचे इतर स्नायू हात हलवतात. दंडावर काळंनिळं कधीकधी दुसऱ्या दिवशी उतरतं. काखेपुढची जाड कड बारीक दिसू लागते. एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड घेऊन डेडलिफ्ट करताना पुढे तळवा असलेल्या हाताची बायसेप्सची कंडरा कोपराशी तुटू शकते. ‘टप्’ असा आवाज येतो, तरीही कोपर वाकतं, कारण खालचा दुसरा स्नायू शाबूत असतो. स्क्रू पिळताना मात्र जोर लागत नाही. अशा वेळी मालिश, शेक यांत दिवस घालवू नयेत. तुटलेली कंडरा मागे आखडत जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रिया सोपी असते, नंतर ती अवघड होत जाते.

साध्या खांदेदुखीत उलटी चूक होते: महिनाभर सगळंच बंद. तिथे वजन कमी करणं, पकड थोडी जवळ घेणं, बार छातीला न टेकवता वर थांबवणं, असे बदल करून सराव बहुधा चालू ठेवता येतो. रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा हात वर उचलताच न येणं असेल, तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.