डाल्मेशियनचे ठिपके आणि त्यांची किंमत

डाल्मेशियनचं पिल्लू पांढरंशुभ्र जन्मतं. ठिपके साधारण दोन आठवड्यांनी उमटू लागतात. गोल, सुटे, रेखीव ठिपके हीच या जातीची शान मानली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच पाहून जोड्या जमवल्या गेल्या. या निवडीसोबत एक दोषही पक्का झाला असावा, असं संशोधक मानतात. एसएलसी२ए९ या जनुकातल्या बदलामुळे या कुत्र्यांच्या लघवीत यूरिक आम्ल फार उतरतं. त्यातून मूतखडे होतात आणि नरांचा मूत्रमार्ग तुंबून जिवावर बेतू शकतं. सगळ्याच डाल्मेशियनना खडे होत नाहीत, हे खरं; पण दोष सगळ्यांतच असल्यामुळे जातीच्या आत कितीही निवड केली तरी तो जाणार नव्हता.

म्हणूनच १९७३ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट शाइबल यांनी पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर करून निरोगी जनुक आणलं आणि पुढची प्रत्येक पिढी डाल्मेशियनशीच जुळवली. ‘यानं जात बिघडली’ हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. परका वाटा दर पिढीला निम्मा होतो. दहाव्या पिढीत तो सरासरी हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उरतो. सुरुवातीच्या पिढ्यांचे ठिपके लहान आणि कमी रेखीव होते, हे मान्य. पण पुढच्या निवडीनं ते सुधारले. अमेरिकन केनेल क्लबनंही २०११ मध्ये या वंशाला नोंदणी खुली केली. डाल्मेशियन घेणार असाल, तर ठिपक्यांआधी आई-वडिलांची जनुकीय चाचणी विचारा.