कुर्ल्याची फियाट आणि तिचे मालक

दसऱ्याच्या दिवशीं सूर्य मावळतीकडे झुकला कीं कोल्हापुरांत दसरा चौकाकडे माणसांची रीघ लागते. छत्रपतींच्या घराण्यांतील मंडळी त्या समारंभास जुन्या मेबॅक मोटारींतून येतात, आणि सोनें लुटण्याची जितकी उत्सुकता, तितकीच ती केशरी गाडी एकवार पाहण्याची असते. राजाराम महाराजांच्या काळांतील ती जर्मन बनावटीची गाडी म्हणजे करवीरच्या वैभवाची एक खूणच होय. परंतु असलें वैभव डोळे भरून पाहावयाचें असतें. तें वापरण्याचें भाग्य सामान्यांच्या वाट्यास येत नाहीं. कोल्हापूरच्या मध्यम स्थितींतील घरांत मोटार आली ती निराळ्या वाटेनें. ती मुंबईजवळच्या कुर्ल्याहून आली, वकिलाच्या, डॉक्टरच्या आणि गुळाच्या अडत्याच्या दारांत उभी राहिली, आणि वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षें तेथेंच राहिली. तिचें नांव फियाट.

या गाडीचे जुने मालक आजही भेटतात. त्यांना तिच्याविषयीं विचारलें तर ते हटकून सांगतात, ‘तशी गाडी पुन्हां होणें नाहीं.’ पण जरा वेळ बसून ऐकलें तर तेच मालक तिच्या खोडींची भली मोठी यादीही ऐकवितात. एकाच तोंडीं स्तुति आणि तक्रार अशीं शेजारीं शेजारीं कां नांदावीं? हें समजण्यास त्या कारखान्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

हिंदुस्थानांत मोटारीचा कारखाना निघावा हें स्वप्न सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं पाहिलें होतें. परक्यांच्या मक्तेदारींत हात घालण्याची त्यांना संवयच होती. १९१९ च्या एप्रिलमध्यें सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनकडे निघाली, ती त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हिंमतीवर. १९४० सालीं बंगळूर येथें विमानांचा कारखाना सुरू झाला, तोही म्हैसूर दरबारच्या साह्यानें त्यांनींच काढला. मोटारीचें काम मात्र अधिक अवघड ठरलें. सर विश्वेश्वरय्या यांनीं १९३० नंतरच्या दशकांत या धंद्याची योजना आंखली होती. मुंबईचें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ तिला अनुकूल होतें. पण १९३९ सालीं तें मंत्रिमंडळच पायउतार झालें. युद्ध सुरू झाल्यावर वालचंदांनीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं बोलणीं केलीं, तर दिल्लीच्या सरकारनें हात आंखडता घेतला. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, कुर्ल्यांतून क्रायस्लरच्या बनावटीच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्याआधीं दोन वर्षें, १९४२ सालीं, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स स्थापन झालीच होती. पुढें तीन-चार दशकें देशांतील रस्ते मुख्यतः या दोन घराण्यांच्या गाड्यांनीं व्यापले.

येथें ‘कारखाना’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग जोडून गाडी उभी करणें हें एक काम. ते भाग येथेंच ओतून, ठोकून, कातून करणें हें दुसरें. पहिलें काम अमेरिकन जनरल मोटर्स कंपनी मुंबईंत शिवडीस १९२८ पासून करीतच होती. स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारला दुसरें हवें होतें. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून धोरण ठरलें कीं, जे येथें क्रमाक्रमानें संपूर्ण गाडी बनवितील त्यांनींच या धंद्यांत राहावें. त्याबरोबर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं गाशा गुंडाळला. प्रीमियरनें तत्पूर्वींच इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला होता. १९५१ पासून चिमुकली ‘फियाट ५००’ आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ कुर्ल्यांत तयार होऊं लागली. वालचंद मात्र ही दुसरी गाडी पाहण्यास राहिले नाहींत. १९५३ च्या एप्रिलमध्यें त्यांचें निधन झालें.

ही ११०० गाडी आपल्या लोकांस आवडली. तिच्या गोल, बसक्या आकारावरून तिला ‘डुक्कर फियाट’ असें नांव पडलें, आणि त्यांत तिरस्कारापेक्षां लाडच अधिक होता. तिचीं पुढचीं दारें उलट्या बाजूनें उघडत. १९६४ सालीं तिची जागा चौकोनी, उभट बांध्याच्या ‘डिलाइट’नें घेतली. फियाटशीं असलेला करार संपल्यावर तीच गाडी १९७० नंतर कांहीं काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. नांव बदललें, समोरची जाळी बदलली, दिवे बदलले; १०८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन तेंच राहिलें. घरोघरीं तिला अखेरपर्यंत फियाटच म्हणत.

मालकांना तिच्यांत काय आवडलें? सर्वांत आधीं तिचा आटोपशीरपणा. १९५७ पासून मिळूं लागलेली अँबॅसडर ऐसपैस. गांवच्या कच्च्या वाटेला, दहा माणसें कोंबण्याला आणि सरकारी इतमामाला ती योग्य. फियाट शहरांतल्या गल्लींत सहज वळे, दारापुढील अरुंद जागेंत मावे, आणि तिचें चाक फिरविण्यास मनगटांत पैलवानाचें बळ लागत नसे. त्यामुळें डॉक्टर, प्राध्यापक आणि घरच्या स्त्रिया यांनीं ड्रायव्हर न ठेवतां स्वतः चालविण्याची गाडी म्हणून तिला पसंत केलें. गिअरची दांडी चाकाखालींच असल्यानें पुढील सलग बैठकीवर तिघें सहज बसत. मागें आणखी चौघें आणि मांडीवर पोरें घेऊन जोतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेलीं कुटुंबें कोल्हापुरांत थोडीं नाहींत. पेट्रोलही ती बेतानेंच पीत असे.

आतां तक्रारी. एप्रिल-मे महिन्यांत आंबा घाट किंवा फोंडा घाट चढतांना ती मध्येंच उभी राही. त्याचें कारण सोपें आहे. टांकींतील पेट्रोल ओढून घेणारा पंप इंजिनाला चिकटून असतो. इंजिन तापलें कीं पंपांतील व नळींतील पेट्रोलची वाफ होते. पंपाला पातळ पदार्थ ढकलतां येतो, वाफ ढकलतां येत नाहीं. म्हणून इंजिन उपाशी राहून बंद पडतें. यावर मालकांचा तोडगा ठरलेला असे. बोनेट उघडावयाचें, फडकें पाण्यांत भिजवून पंपावर गुंडाळावयाचें, आणि वाफेचें पुन्हां पेट्रोल होईपर्यंत झाडाखालीं बसून राहावयाचें. म्हणून जाणता मालक पाण्याचा डबा आणि जुनें फडकें घेतल्याशिवाय घाटाची वाट धरीत नसे. पावसाळ्यांत याच्या उलट. इंजिनांत ठिणगी वांटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्यें ओल शिरली कीं ठिणगी पडेनाशी होई. मग तें झांकण काढून पुसून कोरडें करावें लागे. गारठ्याच्या सकाळीं चोकची दांडी किती ओढावी आणि केव्हां सोडावी याची प्रत्येक गाडीची तऱ्हा वेगळी. आणि पन्हाळ्याकडच्या पावसांत भिजलेल्या गाडीचा तळ कांहीं वर्षांनीं गंजून पायाखालचा रस्ता दिसूं लागे, ही गोष्ट तर मालक हंसत हंसत सांगत.

हंसत सांगत, कारण दुरुस्ती हाताशीं होती. कोल्हापूर या बाबतींत विशेष भाग्यवान. शिवाजी उद्यमनगरांत उसाच्या पाण्यासाठीं लागणाऱ्या ऑईल इंजिनांच्या आणि पंपांच्या कामावर हात बसलेले कारागीर होते. जवळच ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ होते. झिजलेलें सिलिंडर बोअर करून घेणें, एखादें बुश कातून बसविणें ही तेथील रोजची कामें. ज्या मिस्त्रीनें शाळेंत यंत्रशास्त्राचा धडाही वाचला नव्हता, तो नुसत्या आवाजावरून झडपेचें अंतर सांगे. फियाटचें इंजिन साधें. बोनेट उघडलें कीं प्रत्येक भाग दिसे आणि तेथें हात पोंचे. मालकही पाहून पाहून शिकला. प्लग साफ करणें, कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेर फिरविणें, पंख्याचा पट्टा ताणणें हें त्याला येऊं लागलें. जी वस्तु माणूस स्वतःच्या हातानें वीस वर्षें नीट करीत आला, तिच्याविषयीं त्याला ममता वाटणारच.

परंतु ममता आणि पसंति या एक नव्हेत. पसंतीला निवड लागते, आणि निवड या मालकाला नव्हती. १९५९ सालीं मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आलें. १९६९ सालीं किमतीही सरकारनेंच ठरविल्या. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेले आणि १९७१ सालीं त्याचा निकाल लागला. किती गाड्या काढावयाच्या हेंही परवान्यावर अवलंबून असे. मागणी मोठी, पुरवठा थोडा. तेव्हां अनामत भरून वर्षानुवर्षें वाट पाहणें हेंच गिऱ्हाइकाचें काम उरलें. मुलाच्या मुंजीला नोंदविलेली गाडी त्याच्या लग्नाला तरी यावी असें विनोदानें म्हणत. वापरलेली गाडी नव्या गाडीच्या छापील किमतीहून महाग विकली जाई, असा उलटा व्यवहार त्या काळीं चालत असे.

जेथें गिऱ्हाईक रांगेंत उभें असतें, तेथें कारखान्याला त्याचें ऐकण्याची गरज भासत नाहीं. इटलींत ११०० डी हा नमुना १९६६ सालीं बंद झाला. पुढें वर्षा-दोन वर्षांनीं नवे नमुने तेथें येत राहिले. कुर्ल्यांत तीच गाडी त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ निघत राहिली. पंपावर ओलें फडकें ठेवणारा मालक आपली युक्ति अभिमानानें सांगे. पण ती युक्ति करावी लागूं नये असा पंप बसवा, हें त्यानें कोणाला सांगावयाचें?

ज्यांना दुसरें कांहीं करून दाखवावयाचें होतें, त्यांनाही वाट मोकळी नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यांतच, इचलकरंजीस, शंकरराव कुलकर्णी या फारसें शालेय शिक्षण नसलेल्या कल्पक गृहस्थांनीं १९४९ सालीं स्वतःच्या रचनेची छोटी मोटार तयार केली. ‘मीरा’ या नांवानें त्यांनीं पुढें पंचवीस वर्षें तिचे सुधारलेले नमुने काढले. हादरे सोसण्यासाठीं तींत स्प्रिंगांऐवजीं रबराची योजना होती. सुमारें बारा हजार रुपयांत ती देतां येईल अशी त्यांची उमेद होती. पण ती गाडी बाजारांत कधींच आली नाहीं. तिला आली असती तर ती चांगली ठरली असती कीं वाईट, हें मालकांनीं सांगावयाचें. आणि तिला मालकच लाभले नाहींत.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ची पहिली किल्ली गिऱ्हाइकाच्या हातीं पडली, आणि या गोष्टीनें वळण घेतलें. जपानी रचनेची ती लहान गाडी एका फेऱ्यांत सुरू होई, घाटांत सहसा रुसत नसे, आणि किंमतही आंवाक्यांतली होती. ज्या डॉक्टरांनीं आणि वकिलांनीं फियाटची वीस वर्षें वाखाणणी केली, त्यांच्याच घरीं नवी गाडी मारुति आली. यांत कृतघ्नता कांहीं नव्हती. इतक्या वर्षांनीं त्यांना प्रथमच आपलें मत खऱ्या अर्थानें देतां आलें. प्रीमियरनेंही हालचाल केली. १९८५ सालीं निस्सान इंजिनाची ‘११८ एनई’ आली, पण तिचा सांगाडा इटलींतल्या १९६६ सालच्या गाडीचा. पुढें फ्रान्सच्या प्यूजोशीं भागी झाली, १९९६ सालीं फियाटची ‘उनो’ आली. गिऱ्हाइकांनीं पैसे भरले; परंतु कामगारांशीं झालेले तंटे आणि वेळेवर न मिळालेल्या गाड्या यांत तीही संधि गेली. एकविसावें शतक उगवतां उगवतां पद्मिनीचें उत्पादन थांबलें.

मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती आणखी कांहीं वर्षें धांवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईंत चालेनाशी झाली. त्या दिवसांत कित्येकांचे डोळे पाणावले.

तें पाणी खोटें नव्हतें. त्यांत बापानें शिकविलेला क्लच होता, घाटांतील झाडाखालीं खाल्लेली शिदोरी होती, उद्यमनगरांतील मिस्त्रीचे काळे हात होते. पण जुन्या मालकांची स्तुति ऐकतांना तींतील दोन धागे वेगळे करून पाहावेत. एक धागा गाडीच्या गुणांचा. ती साधी होती, आटोपशीर होती, आणि दुरुस्त करतां येत होती, हे गुण आजच्या कारखानदारांनींही शिकावे असे आहेत. दुसरा धागा मालकाच्या स्वतःच्या कष्टांचा आणि सोशिकपणाचा. कारखान्याच्या उणिवा मालकानें आपल्या घामानें भरून काढल्या, आणि त्या घामाचें श्रेय मोठ्या मनानें गाडीला देऊन टाकलें. वालचंदांनीं दरवाजा उघडला हें त्यांचें ऋण मोठें आहे. मात्र आंत आलेल्या गिऱ्हाइकाला बोलण्याची सोय चाळीस वर्षें झाली नाहीं. दसऱ्याला मेबॅकसमोर गर्दी करणाऱ्या कोल्हापूरकरानें घरीं परततांना एखाद्या बोळांत झांकून ठेवलेली जुनी फियाट दिसली, तर तिच्याकडेही क्षणभर थांबून पाहावें. ती जितकी कुर्ल्यांत घडली, तितकीच त्या बोळांतही घडली आहे.