झोळी, पांगुळगाडा आणि चाकाची खुर्ची

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चालता न येणाऱ्या माणसाचं सगळ्यात जुनं वाहन म्हणजे झोळी. एक लांब बांबू, त्याला दोन्ही टोकांशी गाठ मारलेली चादर, आत माणूस आणि पुढे-मागे खांदा देणारे. कुणी तिला डोली म्हणतं. ओहोळ भरले की मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या सरकारी दवाखान्याकडे निघालेली बाळंतीण पक्क्या सडकेपर्यंत अशीच येते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ती बातमी हमखास असते. १९९२-९३च्या कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे ज्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं, तो मुलूख हाच. झोळीला चाक नसल्यामुळे तिला रस्त्याचं अडत नाही. अडतं ते खांद्यांचं. दोन माणसं मोकळी असतील तेव्हाच आतल्याने बाहेर पडायचं.

अशा ठिकाणी ‘खुर्ची’ येते, तेव्हा पहिला प्रश्न असतो : कुठली?

मराठी वाचकाला ‘चाकाची खुर्ची’ म्हटलं की नसीमा हुरजूक आठवतात. कमरेखालचं शरीर लुळं पडल्यावरचं आयुष्य त्यांनी याच नावाच्या आत्मकथनात मांडलं आणि १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी करण्यात पुढाकार घेतला. शब्द सुरेख आहे. पण बाजारात आणि शिबिरात सगळे व्हीलचेअरच म्हणतात, आणि त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या वस्तू कोंबलेल्या असतात. एक दवाखान्यातली : मागची चाकं लहान, चालवणारा कायम पाठीमागे. दुसरी स्वतः चालवायची : मागची चाकं साधारण २४ इंची आणि त्यांना बाहेरून लावलेली हातात धरायची कडी, म्हणजे रिम. ज्याचे हात धडधाकट आहेत त्याला पहिली देणं म्हणजे झोळीलाच चाकं लावण्यासारखं.

घडीची खुर्ची तशी अलीकडची. हर्बर्ट एव्हरेस्ट या अमेरिकन खाण अभियंत्याचा पाठीचा कणा अपघातात मोडला होता. त्याच्यासाठी हॅरी जेनिंग्ज या मित्राने १९३३च्या सुमारास मोटारीत मावेल अशी, फुलीसारख्या कैचीवर मिटणारी खुर्ची बनवली. आज सरकारी वाटपात दिसणाऱ्या खुर्च्या बहुतेक त्याच कुळातल्या. भारतात असं साहित्य बनवणारा कानपूरचा एलिम्को हा सरकारी कारखाना १९७२चा, आणि ज्या योजनेतून ते शिबिरांत वाटलं जातं ती एडिप योजना १९८१ची.

बाकीच्या साधनांपैकी काहींची नावं जुन्या मराठीतच सापडतात. वॉकर हा चार पायांचा पांगुळगाडाच. पोरांच्या गाड्याला आजीने तेच नाव दिलं होतं. कुबडी तर समर्थांच्या हातातली. राजकारणाने मात्र ‘कुबड्या घेतलेलं सरकार’ म्हणून म्हणून तिची अब्रू घालवली. कुबडीतही दोन जाती. काखेतली उंच असते. पण अंगाचा भार काखेवर नव्हे, तळहातावर यायला हवा. काखेवर रेललं की तिथल्या शिरा दबून हात बधिर होतो. कोपराखाली कडं असलेली दुसरी, एल्बो कुबडी. कॅलिपर म्हणजे असलेल्या पायाला बाहेरून पट्ट्यांचा आधार. जयपूर फूट म्हणजे नसलेल्या पायाच्या जागी पाय. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवलेलं हे रबरी पाऊल अनवाणी चालतं, चिखलात उतरतं, उकिडवं बसू देतं. भात लावणाऱ्याला आणखी काय हवं?

खुर्चीला मात्र माप लागतं, अगदी शिंप्यासारखं. टेप घेऊन, बसलेल्या माणसाची कंबरेखालची रुंदी मोजायची, पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मांडी, मग पोटरी. बैठक फार रुंद झाली की माणूस एका बाजूला कलतो. पायटेका खाली राहिला की पाय लोंबतात. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांच्या बैठकीच्या हाडांवर न कळता जखम होते. म्हणून गादी हा खुर्चीचाच भाग समजायचा आणि थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं.

पाड्यावर खरी परीक्षा पुढच्या चिमुकल्या चाकांची. त्यांना कास्टर म्हणतात. गुळगुळीत फरशीवर ती भिंगरीसारखी फिरतात, पण मुरमातला आवळ्याएवढा दगडही त्यांना अडवतो. खुर्ची थबकते आणि माणूस पुढे फेकला जातो. यावर उपाय म्हणजे खडबडीत जमिनीची खुर्ची : पुढची चाकं रुंद आणि मागच्यांपासून लांब अंतरावर. राल्फ हॉचकिस या अमेरिकन अभियंत्याने, स्वतः खुर्चीत बसून, अशा खुर्च्यांवर आयुष्य घालवलं. सायकलचे टायर असले तर पंक्चर तालुक्याच्या सायकलवाल्याकडेही निघतं. सडकेवरच्या लांब पल्ल्याला हाताने पायडल मारायची तीनचाकी सायकल बरी. पण तिला घरात घेता येत नाही.

आणि घराचं काय? उताराचं प्रमाण एकास बारा सांगितलेलं आहे. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट उतार. तेवढं अंगण डोंगरउताराच्या घराला बहुधा नसतं. मग दोघांनी खुर्ची माणसासकट उचलायची. अशा वेळी धरायचं ते खालच्या पक्क्या चौकटीला. हातटेके बऱ्याचदा काढता येणारे असतात आणि ऐन ओट्यावर हातात निघून येतात.