सत्तरीनंतरचें विमाकवच

वृद्ध माणसाला रुग्णालयांत हलविण्याची वेळ आली म्हणजे घरांत पहिली चिंता प्रकृतीची व दुसरी, बहुधा बोलून न दाखविलेली, खर्चाची असते. खासगी विम्याचा हप्ता नेमका याच वयांत जड होतो, आणि मधुमेह किंवा हृदयविकार जुना असला तर त्यावरील खर्च मिळण्यास बराच काळ वाट पाहावी लागते. या दृष्टीनें २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या भारतीयांस खुलें झालेलें ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड समजून घेण्याजोगें आहे.

२०१८ सालीं सुरू झालेली आयुष्मान भारत योजना मूळ गरीब कुटुंबांकरितां होती. सत्तरी ओलांडलेल्यांपुरती मात्र उत्पन्नाची अट आतां उरलेली नाहीं. सत्तर हाच आंकडा कां, असें कोणी विचारील. एकोणसत्तराव्या वर्षीं गुडघे कमी दुखतात असें थोडेंच आहे! पण मर्यादा कोठें तरी घालावी लागते. वय धरलें जातें तें आधारकार्डावरील. तेव्हां तेथील जन्मतारीख चुकीची असल्यास ती आधींच दुरुस्त करून ठेवावी.

संरक्षण वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचें आहे. परंतु तें माणशीं नसून कुटुंबामागें आहे. आजोबा व आजी दोघेंही सत्तरीपलीकडचीं असलीं तर ती रक्कम दोघांत मिळून वापरावयाची. ज्या कुटुंबास पूर्वींपासूनच या योजनेचा लाभ आहे, तेथील वृद्धांस वेगळे पांच लाख मिळतात, व त्यांत घरांतील तरुणांचा वांटा नसतो. जुना आजार आहे म्हणून येथें कोणास थांबावें लागत नाहीं.

गैरसमज होतो तो पुढेंच. हें कवच रुग्णालयांत दाखल होण्याकरितां आहे. दाखल होण्यापूर्वींचे तीन दिवस व घरीं परतल्यावरचे पंधरा दिवस यांतील औषधें व तपासण्या त्यांत येतात. पण रक्तदाबाची रोजची गोळी किंवा डॉक्टरांस नुसतें दाखवून येण्याचा खर्च येत नाहीं. म्हातारपणीं हाच खर्च बारमाही असतो. म्हणून केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेंतील निवृत्तिवेतनधारकांनीं घाई करूं नये. त्यांना दोहोंपैकीं एकच योजना ठेवतां येते, आणि जुन्या योजनेंत दवाखान्यांतून नित्याचीं औषधेंही मिळतात. राज्य कामगार विमा किंवा खासगी विमा असणारांना असा पेंच नाहीं. तो राखूनही हें कार्ड घेतां येतें.

नोंदणी आयुष्मान ॲपवरून घरबसल्या होते, किंवा योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांतही होते. प्रत्येक रुग्णालय यांत सामील नाहीं. आपल्या घराजवळचें कोणतें आहे, व हव्या त्या शस्त्रक्रियेसाठीं तें सामील आहे कीं नाहीं, हें १४५५५ या क्रमांकावर किंवा रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे, घरांत सर्व कांहीं ठीक असतांनाच विचारून ठेवावें.