जपानी फटफटी आणि पेचकस

मालाडसारख्या समुद्राजवळच्या उपनगरांत खाऱ्या हवेनें जुन्या फटफटीचे पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या आवरणांत घट्ट बसतात. वडिलांची १९८५ ते १९९६ मधील यामाहा आरएक्स १०० जतन करणाऱ्यांनीं म्हणून पेचकस पारखून घ्यावा. फिलिप्स व जपानी जेआयएस हे दोन्ही पेचकस वरवर सारखेच दिसतात. परंतु जपानी खांचेंत फिलिप्सचें टोंक तळाशीं टेकत नाहीं, जोर देतांच निसटतें आणि खांच झिजते. मग स्क्रू ड्रिलनें पोखरून काढणें आलें! डोक्यावर बारीक ठिपका असल्यास स्क्रू बहुधा जपानी समजावा. सहा मिलिमीटरच्या स्क्रूस तीन क्रमांकाचें, पांचच्यास दोन क्रमांकाचें टोंक योजावें. तेल सोडून रात्रभर थांबावें; तरीहि न सुटल्यास हातोडीच्या ठोक्यानें फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा, मनगटाचा हट्ट करूं नये.