लेकीची तारीख, घरची तारीख

आमच्या स्वयंपाकघरात दारामागे २०२३ सालचं कालनिर्णय अजून टांगलेलं आहे. नवीन आलं की जुनं काढायचं, हा आमच्या घरचा रिवाज. पण ते एक काही मी काढलेलं नाही. त्याच्या डिसेंबरच्या पानावर एका चौकटीत लाल शाईने ‘लग्न’ लिहिलंय. ते माझं अक्षर. त्याच्या चार दिवस आधीच्या चौकटीत पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहून खोडरबराने पुसलेलं आहे. ते लेकीचं.

लग्न मोठ्याचं होतं. लेक तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. प्रवेश २०२० चा, पण करोनामुळे वर्ग सुरू झाले ते २०२१ च्या फेब्रुवारीत. पहिल्याच वर्षी तो जुलैचा पाऊस झाला. २२ जुलै २०२१. तळिये गाव दरडीखाली गेलं, महाड बुडालं, आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. लाइट नाही, फोन नाही. लेक घरीच होती. शिकून झालं होतं कितीसं, तरी ग्रामीण रुग्णालयात जाऊन पडेल ते काम करून आली. आपल्याला पुढे काय करायचं आहे, ते तेव्हा तिच्या मनाने घेतलं असावं. नंतर तिने सांगितलं, की तिला अमेरिकेत जाऊन इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करायची आहे. रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडे एम. डी. करतात तसंच. रुग्णालयात पगारावर काम करत शिकायचं.

“करायचं तर कर,” असं हे म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानात बसणाऱ्या बापाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आईला यापलीकडे त्यातलं काय कळणार!

लग्नाचा मुहूर्त ठरला त्या रात्री तिचा फोन आला. “आई, त्याच्या चार दिवस आधी माझी परीक्षा आहे गं. स्टेप वन. मुंबईला. आठ तासांची.”

“कॉलेजची आहे का?”

“नाही. अमेरिकेची.”

“म्हणजे तारीख तूच घेतलेली ना? मग घे पुढची. घरात एकुलतं एक लग्न, करवली तू. हळदीला बहीण अभ्यास करत बसली तर लोक काय म्हणतील?”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग “बघते,” म्हणाली. आणि तिने तारीख बदलली. लग्नात ती इतकी नाचली, की परीक्षेचा विषय माझ्या डोक्यातून गेलाच.

त्या एका “बघते”चा अर्थ मला कळला तो २०२५ च्या गणपतीत. लेक तोवर एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास होऊन इंटर्नशिप करत होती. गौरी जेवल्या, मांडव शांत झाला, आणि ही माजघरात लॅपटॉप घेऊन बसलेली. मी निवडायला अळूची पानं घेऊन तिच्याजवळ बसले. तिने वीस-बावीस रुग्णालयांना ईमेल धाडले होते आणि नकारावर नकार येत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच. ‘आम्ही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी घेतो. तुमची शेवटची परीक्षा झालेली आहे.’

मी सहज म्हटलं, “मग आधी का नाही गेलीस?”

“जाणार होते आई,” ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “दादाच्या लग्नानंतर.”

त्या रात्री तिने मला सगळं उलगडून सांगितलं. ज्यांच्या घरात पोरं डॉक्टरकी शिकतायत, त्यांना कामी येईल म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करायचा तर स्टेप वन आणि स्टेप टू अशा दोन परीक्षा पास व्हाव्या लागतात. शिवाय इंग्रजीची एक वेगळी. एकेका स्टेपला हजार डॉलरच्या वर फी, म्हणजे लाखाच्या आसपास. नापास झालं तर तो शिक्का कायमचा रेकॉर्डवर राहतो, आणि पास झालं तर मार्क वाढवायला पुन्हा बसता येत नाही. २०२२ च्या जानेवारीपासून स्टेप वनला मार्कच देत नाहीत, नुसतं पास की नापास. त्यामुळे सगळा भार आला स्टेप टूच्या मार्कांवर. अर्ज सप्टेंबरात जातात, मुलाखती ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, कुणाला कुठे जागा मिळाली ते मार्चमध्ये कळतं आणि काम जुलैत सुरू होतं. २०२५ साली अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, बाहेरच्या देशांत शिकलेल्या डॉक्टरांपैकी शंभरातल्या ५८ जणांना जागा मिळाली. म्हणजे ४२ जण परीक्षा पास होऊनही घरी.

मग त्या ५८ मध्ये यायचं कसं? मार्क तर हवेतच. पण तिथल्या डॉक्टरांनी तुमचं काम डोळ्यांनी बघून लिहिलेलं शिफारसपत्र असेल तर पारडं जड होतं. ते पत्र मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे इलेक्टिव्ह. तिथल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात चार-चार आठवडे विद्यार्थी म्हणून राहायचं. रुग्णाशी बोलायचं, तपासायचं, राउंडला केस मांडायची. यातला कळीचा शब्द ‘विद्यार्थी’. विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावता येतो. एकदा पदवी मिळाली की तोच माणूस तिथे नुसता बघ्या. हात मागे बांधून उभं राहायचं. त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. त्यावरही पत्र मिळतं, पण ‘मुलगी वेळेवर येते, नम्र आहे’ यापलीकडे त्या डॉक्टरने लिहायचं तरी काय?

आणि अनेक ठिकाणी इलेक्टिव्हला घेताना आधी स्टेप वन पास असल्याचा कागद मागतात.

आता माझ्या लक्षात आलं. डिसेंबरात स्टेप वन, जानेवारीत निकाल, आणि तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपला की कॉलेजच्या अभ्यासक्रमातच इलेक्टिव्हसाठी जे मोकळे आठवडे असतात, त्यांना जोडून अमेरिका. असं तिने वर्षभर आधी बसवलं होतं. एका रुग्णालयाने ‘निकाल पाठवा, मग या’ असं कळवलंही होतं. व्हिसाच्या मुलाखतीला तेव्हा मुंबईत वर्ष-वर्ष थांबावं लागायचं. ती तारीखही तिने फार आधी घेऊन ठेवलेली, आणि व्हिसा हातात होता. लग्नासाठी स्टेप वन पुढे गेली. पाठोपाठ कॉलेजची परीक्षा आली. शेवटी स्टेप वन दिली २०२४ च्या जूनमध्ये. पासही झाली. पण तोवर इलेक्टिव्हचे आठवडे संपले होते आणि शेवटच्या वर्षाचे वॉर्ड सुरू झाले होते.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू मुहूर्त बदलला असतास?”

मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर नसता बदलला. हॉल बुक होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या. आणि ‘अमेरिकेची परीक्षा’ हे कारण मी विहीणबाईंना कुठल्या तोंडाने सांगणार होते? दहावी-बारावीची परीक्षा असेल तर अख्खं गाव टीव्हीचा आवाज कमी करतं. ही परीक्षा कुणाला दिसतच नव्हती.

माझं माहेर उमरठच्या बाजूचं, भातशेतीचं. राब भाजून रोप टाकलं की तीनेक आठवड्यांत लावणी व्हावी लागते. पाऊस आहे, चिखलणी झालीय, पण घरात कार्य निघालं म्हणून लावणी पंधरा दिवस लांबली, तर रोप मरत नाही. हिरवंगारच दिसतं. फक्त त्याला फुटवे कमी येतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. पोरीच्या बाबतीत कसं सुचलं नाही?

असो. रडत बसण्यात अर्थ नव्हता. आणि तिने बसूही दिलं नाही.

आपल्याकडे इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. त्यामुळे तिथली काही रुग्णालयं आपल्या इंटर्नला अजून विद्यार्थी मानतात, काही मानत नाहीत. मानणारी शोधायची, हाच उरलेला रस्ता. त्या शोधात आम्ही एकदा फसलोही. एका मध्यस्थाने ‘प्रत्यक्ष रुग्ण तपासायला मिळतील’ म्हणून दीड लाख घेतले. यांनी दुकानाच्या मालाचे पैसे थांबवून ते भरले. नंतर लेकीने नेमके प्रश्न विचारले. रुग्णालय शिकवणारं आहे का? पत्र कोण लिहिणार, कुठल्या लेटरहेडवर? तेव्हा उघड झालं, की तो एक खासगी दवाखाना होता आणि तिला डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभं राहायचं होतं. भांडून निम्मे पैसे परत मिळाले. हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचे असतात, एवढं त्या पाऊण लाखात शिकलो.

शेवटी एका रुग्णालयाचा होकार आला. दिवाळीनंतर चार आठवडे. इंटर्नशिपमध्ये वर्षाला १५ दिवसांचीच रजा असते. वरचे दिवस शेवटी भरून द्यावे लागतात. म्हणजे इंटर्नशिप तेवढी लांबणार. पासपोर्टवर २०२३ चा दहा वर्षांचा व्हिसा होता, तो कामी आला. माझ्या दोन पाटल्या सोसायटीत ठेवल्या, हेही लिहिते, कारण अशा लेखांत पैसे कुठून आले ते कुणी सांगत नाही.

चार आठवडे रोज तिचा फोन यायचा आमच्या पहाटे, तिच्या संध्याकाळी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस नुसती हसत होती. एका म्हाताऱ्या बाईच्या छातीत पाणी झालं होतं, ते हिने स्टेथोस्कोप लावून आधी सांगितलं, फोटो नंतर निघाला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “हे कुठे शिकलीस?” ही म्हणाली, “आमच्याकडे दर वेळी फोटो मिळेलच असं नसतं.” त्या डॉक्टरीणबाईंनी पत्र लिहिलंय. ते लेकीला वाचायला मिळत नाही, परस्पर जातं. पण तो किस्सा त्यात असावा असं आपलं मला वाटतं.

आता यंदाच्या सप्टेंबरात अर्ज. त्याआधी स्टेप टू द्यायची, मार्क हातात यायला हवेत. आणि त्याआधी बाँड. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांनी एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे. नात्यातले एक जण यांना म्हणाले, “भरून टाका दहा लाख, पोरीचं वर्ष वाचेल.” दहा लाख काय झाडाला लागतात! पण पैशांचं सोडा, लेकच नाही म्हणाली. तिच्या मते काम जुलैत, २०२७ ला सुरू होणार. तोवर घरी बसून नुसता अभ्यास केला तर अर्जात ते वर्ष कोरं दिसतं. ग्रामीण रुग्णालयात रुग्ण तपासले तर तेच वर्ष तिच्या बाजूने बोलतं. आमच्याच शेजारी, महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण तपासले, रात्र-रात्र बसून टिपणं काढली आणि ते काम १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी ताप आला की आम्ही महाडलाच जायचो, त्यामुळे लेकीला ते नाव घरातल्यासारखं. “आई, पेशंट इथे आहेत,” एवढंच ती म्हणते.

मी मात्र घाबरते. २०२५ च्या सप्टेंबरात तिकडे एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्या रात्री मला झोप नव्हती. लेक म्हणाली, रेसिडेन्सीला बरेच जण जे-१ वर जातात, त्याला हे शुल्क नाही. पण त्यात शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत, नाहीतर तिथल्या डॉक्टर नसलेल्या भागात काम करून सूट मिळवायची. “म्हणजे तिथलं पोलादपूर,” असं मी म्हटलं, तर खूप हसली.

तर स्टेप टूची तारीख. मागच्या रविवारी ती घरी आली होती. नवं कालनिर्णय टेबलावर पसरलेलं, हातात पेन्सिल. सूनबाईचे दिवस भरत आलेत, ती माहेरी आहे. लेकीने पानं पुढे-मागे केली आणि विचारलं, “आई, वहिनीला डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?”

मी सांगितली. तिने मनात बोटं मोजली. बाराव्या दिवशी बारसं धरलं, तर परीक्षेच्या बरोबर आदल्या दिवशी येत होतं. बारशाला आत्या लागते. कानात नाव आत्याच सांगते. आत्या नसेल तर विहीणबाईंच्या गावात चार तोंडांनी चर्चा होणार.

“मी परीक्षा आठवडाभर पुढे...” असं ती म्हणायला लागली.

मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, माझं शाळेचं लाल पेन आणलं आणि तिने दाखवलेल्या चौकटीत ‘स्टेप टू’ लिहिलं. मग तिच्यासमोरच विहीणबाईंना फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. सगळं सरळ सांगितलं. लग्नाच्या वेळचंही सांगितलं.

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “अहो, तेव्हाच बोलायचंत ना. हळदीला ती एवढी नाचली, आम्हाला काय माहीत! सव्वा महिन्याने करू बारसं. तोवर बाळाला बाळच म्हणू.”